कोडं आईनं निवडलेलं

सात ते नऊ वर्षांची मुलं आणि त्यांच्यापुढे अक्षरं उलटसुलट केलेली शब्दकोडी. काहींना सांगितलं, हवी ती कोडी घे. काहींना प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडून दिली. उरलेल्यांना सांगितलं, ‘ही तुझ्या आईनं निवडली आहेत.’ सॅन फ्रान्सिस्कोतला हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ शीना आयंगर आणि मार्क लेपर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. गोऱ्या अमेरिकन मुलांनी सर्वांत जास्त कोडी सोडवली ती स्वतः निवडलेली. आईचं नाव निघताच त्यांचा हुरूप ओसरला. चिनी-जपानी घरांतल्या मुलांचं मात्र उलट! आईनं निवडली म्हटल्यावर ती अशी भिडली की स्वतःच्या निवडीलाही मागं टाकलं. गंमत म्हणजे आयांनी प्रत्यक्षात काहीच निवडलं नव्हतं.

आता करिअर समुपदेशकासमोर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीचा विचार करा. तिला पहिला प्रश्न येतो, ‘तुला स्वतःला काय आवडतं?’ किती निरागस वाटतो! पण या प्रश्नालाही गाव आहे. १९०८ साली बोस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये, इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांच्या वस्तीत, फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडलं. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, दोन्हींचा मेळ घाला, ही त्यांची रीत. (ते डोक्याच्या ठेवणीवरूनही स्वभाव ताडू पाहत.) बापाचा धंदा समुद्रापलीकडे राहिलेला, नव्या शहरातल्या कामांची माहिती घरात कोणालाच नाही, अशा पोरांना ही रीत मोठा आधार होती. त्याच वर्षी पार्सन्स वारले. रीत मात्र जगभर गेली, आणि ती कुठल्या वस्तीत जन्मली हे लोक विसरले.

बंगळुरूचे करिअर समुपदेशन-तज्ज्ञ गिडियन अरुळमणी इथेच बोट ठेवतात. एखाद्या समाजात कामाकडे कसं पाहतात, हे समजून घेतल्याशिवाय तिथल्या मुलांना मार्गदर्शन करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे तर जातीनं पिढ्यान् पिढ्या काम ठरवून दिलं. तिथे ‘आवडतं काय’ हा प्रश्नच नवा.

म्हणून काही समुपदेशक आधी वंशावळ काढायला लावतात. तीन पिढ्या, प्रत्येक नावापुढे काम. आजीच्या नावापुढे बहुधा ‘गृहिणी’ येतं. मग विचारायचं, ती दिवसभर करायची काय? पापड लाटून विकणं, गुरं सांभाळणं, सगळ्या भावकीचा हिशेब तोंडपाठ ठेवणं असं काय काय बाहेर येतं, आणि कागदावर नसलेली कौशल्यं दिसू लागतात. कोणाच्या होकाराशिवाय आपलं पाऊल उचलणार नाही, हेही मुलीला कळतं.

पण म्हणून आशियाई आडनाव पाहिलं की आईला बोलवा, हा आळस झाला. प्रयोगातले आकडे गटाचे होते. समोर बसलेल्या मुलीला आई खोलीत हवी आहे की दाराबाहेर, हे तिलाच विचारावं लागतं, आणि शक्यतो आई नसताना.