बफॅलो सोल्जर्स

बफॅलो सोल्जर्स : शांततेच्या काळात खड्या सैन्यात माजणाऱ्या भ्रष्टाचारावरील उपरोधपूर्ण इंग्रजी चित्रपट (२००१). ग्रेगर जॉर्डन (१९६६–  ) ह्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने तो रॉबर्ट ओकॉनर ह्या अमेरिकन लेखकाच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवरून तयार केला. मृत्यू, व्यसन, हिंसा ह्यांसारखे गंभीर विषय हास्याच्या अंगाने हाताळणाऱ्या कृष्णसुखात्मिका ह्या प्रकारात तो मोडतो. वाकीन फीनिक्स, एड हॅरिस, स्कॉट ग्लेन, ॲना पॅक्विन व एलिझाबेथ मॅक्गव्हर्न ह्यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. १८६६ मध्ये अमेरिकेत उभारण्यात आलेल्या कृष्णवर्णीय घोडदळाच्या रेजिमेंटांतील सैनिकांना ‘बफॅलो सोल्जर्स’ म्हणत. त्यांच्याशी चित्रपटातील कथेचा प्रत्यक्ष संबंध नाही.

कथा १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीत श्टुटगार्टजवळील एका अमेरिकी लष्करी तळावर घडते. शीतयुद्धाच्या अखेरच्या त्या वर्षात पश्चिम जर्मनीत दोन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक तैनात होते. सोव्हिएट रणगाडे पश्चिमेकडे वळतील ह्या अपेक्षेने ही फौज चार दशके सज्ज ठेवलेली होती. प्रत्यक्षात ते आक्रमण कधीच झाले नाही. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती बंद केल्यावर सैन्य स्वेच्छेने येणाऱ्यांचे झाले. तथापि चित्रपटाचा नायक रे एल्वुड ह्याची ‘स्वेच्छा’ वेगळ्या प्रकारची आहे. तुरुंग की सैन्य, ह्यांतून निवड करण्यास न्यायालयाने सांगितल्यामुळे तो सैनिक झालेला आहे.

एल्वुड हा पुरवठा बटालियनमधील कारकून. मागणीपत्रे तोच तयार करतो, कर्नलच्या सह्याही तोच घेतो. फरशी पुसण्याचे द्रावण गरजेच्या कितीतरी पट मागवून तो ते बाहेरच्या काळ्या बाजारात विकतो. शिवाय लष्करी पोलिसांतील एका सार्जंटसाठी बराकीतच हेरॉइन तयार करून देतो. बटालियनचा प्रमुख कर्नल बर्मन (एड हॅरिस) हा स्वभावाने भला, पण बढतीच्या स्वप्नात हरवलेला अधिकारी असून आपल्या हाताखाली काय चालले आहे, ह्याची त्याला गंधवार्ता नाही. त्याच्या पत्नीशीही एल्वुडचे संबंध आहेत. हेरॉइनच्या नशेत असलेले सैनिक रणगाडा घेऊन एका गावात घुसतात, एक फोक्सवागन मोटार चिरडतात आणि पेट्रोलपंपाला धडक देऊन पुढे निघून जातात, हा प्रसंग चित्रपटात सर्वाधिक गाजला. स्फोटात शस्त्रांनी भरलेल्या दोन मालमोटारींचे चालक ठार होतात. बेवारस मोटारी एल्वुडच्या हाती लागतात आणि त्यांतील शस्त्रांच्या बदल्यात अंमली पदार्थांचा कच्चा माल मिळविण्याचा सौदा तो करतो. ह्याच सुमारास व्हिएटनाम युद्धात लढलेला सार्जंट ली (स्कॉट ग्लेन) तळावर रुजू होतो. तो एल्वुडचे सर्व व्यवहार ओळखतो व त्याची मर्सिडीज मोटार चांदमारीचे लक्ष्य म्हणून वापरतो. एल्वुड सूड म्हणून लीच्या मुलीशी (ॲना पॅक्विन) जवळीक साधतो आणि पुढे तिच्यात खरोखरच गुंततो.

युद्धावरील उपहासात्मक कलाकृतींची परंपरा मोठी आहे. जोसेफ हेलरच्या कॅच–२२ (१९६१) ह्या कादंबरीतील मायलो माइंडरबाइंडर हाही सैन्याचा माल विकणारा बिलंदर व्यापारीच. पण त्याच्याभोवती युद्ध चालू आहे आणि त्याच्या प्रत्येक सौद्याची किंमत कोणीतरी आकाशात मोजतो. बफॅलो सोल्जर्समध्ये ही कसोटीच नाही, हे त्याचे वेगळेपण होय. लढाई नसलेल्या सैन्याची सज्जता रणांगणावर सिद्ध होत नाही, ती कागदावर दाखवावी लागते. साहजिकच कागद ज्याच्या हाती, सत्ता त्याच्याच हाती जाते. एल्वुड हा कर्नलपेक्षा सामर्थ्यवान ठरतो, तो ह्याच कारणाने; आणि वरिष्ठांनाही तपासणीच्या दिवसापलीकडचे काही पाहण्याची गरज भासत नाही. पन्नाशीच्या दशकातील अमेरिकन दूरचित्रवाणीवर सार्जंट बिल्को ह्या लाडक्या लुच्च्याने हाच पेशा निरुपद्रवी विनोदासाठी वापरला होता. जॉर्डनने त्याच विनोदाला प्रेतांची जोड दिली. चित्रपटात शिस्तीचा एकमेव पुरस्कर्ता असलेला ली क्रूर निघावा आणि चोर मात्र प्रेक्षकाला आवडावा, ही रचना अस्वस्थ करणारी आहे. तिच्यातच चित्रपटाचे बळ आहे. फीनिक्सचा संयत, निर्विकार अभिनय हा तोल शेवटपर्यंत सांभाळतो. उत्तरार्धात मात्र कथा थरारपटाच्या वळणाने जाऊ लागते व उपरोधाची धार बोथट होते.

ऐतिहासिक सत्याच्या दृष्टीने एक आक्षेप महत्त्वाचा आहे. व्हिएटनाम युद्धानंतर अमेरिकी सैन्यात, विशेषतः जर्मनीतील तळांवर, अंमली पदार्थांचे व्यसन खरोखरच पसरले होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पाहणीत आधीच्या ३० दिवसांत असे पदार्थ घेतल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १९८० मध्ये सु. २८ टक्के होते. मूत्रचाचण्या सक्तीच्या होऊन कारवाई सुरू झाल्यावर ते १९८८ मध्ये सु. ५ टक्क्यांवर आले. म्हणजे पडद्यावर दिसणारी बराक १९८९ पेक्षा सत्तरीच्या दशकातील बराकीला अधिक जवळची आहे. कथेचा काळ बर्लिनची भिंत कोसळण्याच्या वर्षाशी (९ नोव्हेंबर १९८९) जुळवल्यामुळे शत्रूच नाहीसा होत असलेल्या सैन्याचे चित्र उभे राहते; त्यासाठी घेतलेली ही सूट नाट्यदृष्ट्या समर्थनीय असली, तरी चित्रपटाला दस्तऐवज मानणाऱ्याने ती लक्षात ठेवावयास हवी.

चित्रपटाच्या वाट्याला आलेले दैव त्याच्या कथेइतकेच विपरीत होते. सप्टेंबर २००१ च्या प्रारंभी टोरँटो चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला व मिरामॅक्स ह्या कंपनीने अमेरिकेतील वितरणाचे हक्क विकत घेतले. पाठोपाठ ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर दहशतवादी हल्ले झाले. सैन्याविषयी आदराची लाट उसळलेल्या त्या वातावरणात सैनिकांना व्यसनी व चोर दाखविणारा चित्रपट लोकांपुढे आणणे वितरकांना अशक्य वाटले आणि त्याचे प्रदर्शन वारंवार लांबणीवर पडले. जानेवारी २००३ मध्ये सनडान्स महोत्सवातील खेळानंतर एका प्रेक्षकाने संतापून व्यासपीठाच्या दिशेने पाण्याची बाटली भिरकावली. अखेर जुलै २००३ मध्ये, म्हणजे इराकमधील युद्ध सुरू होऊन चार महिने झाल्यावर, तो अमेरिकेतील मोजक्या चित्रपटगृहांत लागला. समीक्षकांचे मत संमिश्र होते; उत्पन्न अत्यल्प झाले. तोपर्यंत चित्रपटातील शांततेचा काळच उरलेला नव्हता.