शहराचे पाणी मानवले!

लग्न होऊन शहरात गेलेली मुलगी वर्षा-दोन वर्षांनी माहेरी आली, की गावच्या आयाबाया तिला डोळे भरून पाहतात आणि म्हणतात, "हिला शहराचे पाणी मानवले हो!" या एका वाक्यात सारे आले. पोरगी सुखात आहे, घरात खायला-प्यायला कमी नाही, जावयाची नोकरी पक्की आहे. ज्या घरांनी दुष्काळ पाहिले, त्यांनी अंगावर मूठभर मांस चढणे ही खुशालीची खूण मानली यात नवल नाही. पण दहा वर्षांनी तीच मुलगी गुडघ्यावर हात ठेवून जिना चढू लागली, म्हणजे तीच माणसे म्हणतात, "बसून खाते, दुसरे काय!" हा दुसरा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

मी मराठीची प्राध्यापिका. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये गोळा केलेल्या ओव्या वर्गात शिकवताना माहेरची ओढ, भावाची माया यांविषयी आम्ही भरभरून बोलतो. जात्याचा खुंटा ओढणारे हात मात्र विसरतो. दळण, कांडण, विहिरीचे पाणी, सरपणाचा भारा, शेताची वाट या कष्टांना कोणी व्यायाम म्हटले नाही. पण पोटातली भाकरी त्यांतच जिरत होती. ते कष्ट सुटले हे चांगलेच झाले. बायकांनी पुन्हा जात्यावर बसावे असे म्हणणारा माणूस कधी जात्यावर बसलेला नसतो. मात्र कष्ट गेले, त्यांच्या जागी काय आले, हे पाहायला हवे.

माझ्या दोन मामेबहिणी आहेत. थोरली माण तालुक्यात शेतकऱ्याच्या घरी पडली. धाकटी १९९८ साली कारखान्यातल्या नवऱ्याबरोबर पिंपरीला आली. थोरली आजही काटकुळी, अंगात रक्त कमी. तिचा हेवा करावा असे काही नाही. धाकटीच्या घरी नळ आला, गॅस आला, दाराशी भाजीवाला आला. पहिली काही वर्षे तिला शेजारपाजार माहीत नव्हता. दुपारचा एकांत चहा-बिस्किटांनी भरून निघे. गावी तेलाची धार जपून सोडावी लागे, इथे पाच लिटरचा डबा घरात. मुलांच्या ताटातले उरलेले "वाया कशाला?" म्हणून तिच्याच पोटात जाई. चाळिशीत तिला मधुमेह निघाला, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "ताई, मी खादाड नाही गं."

ती खरेच खादाड नव्हती. २०१० साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. नागपूर, लखनौ, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांतले जे कामगार खेड्यातून आले होते ते, त्यांच्या बायका, आणि गावीच राहिलेली त्यांची भावंडे यांची त्यात तुलना केली होती. पुरुषांत स्थूलतेचे प्रमाण गावी शेकडा १९, गावाहून शहरात आलेल्यांत ३८ आणि मूळच्या शहरवासीयांत ४२ निघाले. बायकांचेही चित्र असेच होते. समुद्रापलीकडेही तीच गोष्ट. २००६ साली इंग्लंडमधल्या गुजराती कुटुंबांची तुलना नवसारीकडच्या त्यांच्या मूळ गावांतील लोकांशी केली, तेव्हा तिकडची मंडळी अधिक वजनदार निघाली आणि त्यांच्या आहारात स्निग्ध पदार्थही जास्त आढळले. एकाच मुळाची माणसे. बदलले ते घर, स्वयंपाकघर आणि दिवसाचे वेळापत्रक.

त्यात आपल्या देहाची ठेवणही थोडी फसवी आहे. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली आपले दोघांचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्या अंगी शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२! वरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आतही मेद साठलेला असू शकतो. म्हणूनच त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांच्या बाबतीत या निर्देशांकाच्या २३ या आकड्यापासूनच सावध व्हावे असे सुचवले. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हा आकडा म्हणजे सुमारे ५३ किलो वजन. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तरी तीच सूचना समजावी. आपण जिला "अंगाने बरी" म्हणतो, तिचे वजन पुष्कळदा याच्या पुढे असते.

आता फराळाचे ताट समोर असताना लाडू मोजा, चकली सोडा असले काही मी सांगणार नाही. वर्षभराच्या वरणभातात आणि चहात जे घडते, ते चार दिवसांच्या फराळाने घडत नाही. सांगायचे आहे ते घरातल्या इतर माणसांना. उरलेले अन्न संपवणे हे गृहिणीचे कर्तव्य नाही. ते सकाळी सर्वांनी वाटून खावे. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पापड म्हणजे हलका आहार नव्हे. तिशीनंतर रक्तातली साखर वर्षातून एकदा तपासावी. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही, की बाई कामाशिवाय घराबाहेर पडली तर तिला "आता कुठे निघालीस?" म्हणून अडवू नये. भाजी आणायला जाण्याची मुभा आहे, नुसते चालायला जाण्याची मात्र लाज वाटते. अशी आपल्या घरांची रीत आहे. ती मोडली पाहिजे.

पिंपरीच्या माझ्या बहिणीने ती मोडली आहे. इमारतीतल्या दोघीजणींबरोबर ती रोज संध्याकाळी पाऊण तास चालते, आणि त्या वेळी कुकर लावायचे काम तिच्या नवऱ्याकडे आले आहे. वजन फारसे उतरलेले नाही. साखर मात्र ताब्यात आली आहे.