जुना क्रमांक, नवा क्रमांक

डिसेंबर 2019 मध्ये राजस्थानात भामाशाह कार्डाची जागा जन आधारने घेतली आणि कुटुंबाला दहा अंकी नवा क्रमांक मिळाला. जयपूरच्या ई-मित्र केंद्रावर आलेल्या बाईच्या लेखी कार्ड बदलले, एवढेच. पण जुन्या क्रमांकावर बेतलेल्या सॉफ्टवेअरचा पायाच हलला. एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागण्याचा दुवा) बनवणारे अशा बदलाला ‘ब्रेकिंग चेंज’ म्हणतात. एपीआयच्या उत्तरात एखादा रकाना वाढवला तर जुने ॲप सहसा कुरकुरत नाही. आहे त्या रकान्याचे नाव, लांबी किंवा अर्थ बदलला, तर मात्र नवी आवृत्तीच काढावी.

आवृत्तीचा आकडा लिहायचा कुठे? ‘आधार’च्या पडताळणी एपीआयने तो थेट वेबपत्त्यातच ठेवला: सर्व्हरच्या नावानंतर 2.5, मग पडताळणी मागणाऱ्या संस्थेचा कोड. काहीजण तो विनंतीच्या हेडरमध्ये ठेवतात. दिसायला नेटके, पण बिघाड शोधताना डोळ्यांसमोर पत्ताच असतो.

जुनी आवृत्ती कधी बंद होणार, हे ‘सनसेट’ हेडरमधून आधी कळवता येते (आरएफसी 8594, वर्ष 2019). आणि मुदत उलटल्यावर 404 (सापडले नाही) हा कोड नको, 410 द्या: म्हणजे इथे होते, आता कायमचे काढले.