चिट्ठा, चिट्टा आणि विभागप्रमुख

वाणिज्य शिकवणाऱ्या संस्थेत प्रमुखाचे काम कोणते, असे विचारले तर वेळापत्रक, निकाल, प्रवेशसंख्या यांकडे आपले लक्ष आधी जाते. माझ्या मते वर्गात कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा, हे सहकाऱ्यांसह ठरवणे हे त्याचे पहिले काम आहे. मला ते अंबरपेठेत उमगले, आणि उशिरा उमगले.

येथील एका महाविद्यालयात मी वाणिज्य विभागाचा प्रमुख झालो तेव्हा वर्गात तेलुगू, उर्दू, हिंदी माध्यमांतून आलेली मुले होती. मराठी घरांतली चार-दोन. तीही आपसांत तेलुगूच बोलत. प्रश्नपत्रिका इंग्रजीत, नोकरीही इंग्रजी येणाऱ्याला, म्हणून वर्गात केवळ इंग्रजी बोलावे असे परिपत्रक मी काढले. मुले पाठांतर करू लागली. समजण्यापुरते शिक्षक तास संपल्यावर दखनीत सांगत.

एका चाचणीपूर्वी असेच कोणी फळ्याजवळ ‘चिट्ठा बनाओ’ म्हणाले. हिंदी माध्यमाच्या मुलांनी ताळेबंद मांडला. तेलुगू माध्यमाच्या एका मुलाने रोजकीर्द लिहिली, नोंद न् नोंद अचूक. मी त्याला शून्य दिले आणि वर्गासमोर बोललोही. हिंदी पाठ्यपुस्तकांत चिट्ठा म्हणजे ताळेबंद, तर तेलुगूत चिट्टा म्हणजे जर्नल, आपली किर्द, हे मला पुढे एका तेलुगू सहकाऱ्याने सांगितले. तोवर तो मुलगा यायचा थांबला होता. कारण तेवढे एकच असेल असे नाही. पण त्यातले माझ्या हातचे तेवढेच.

परिपत्रक मागे घेतले. शनिवारी शेवटच्या तासाला सर्व शिक्षकांनी बसून एकेक संज्ञा पाहायची, असे ठरले. मराठीत किर्द, खतावणी, तेरीज. तेलुगूत चिट्टा, आवर्जा, अंकणा. उत्तरपत्रिकेत इंग्रजी संज्ञाच राहील. मात्र तिच्याकडे मूल कोणत्या शब्दावरून येते, हे शिकवणाऱ्याला ठाऊक हवे.

सर्वांत उपयोग झाला तो डेप्रिसिएशनच्या वेळी. मराठीत घसारा, उर्दूत फर्सूदगी. दोन्हींत वस्तू झिजते. तेलुगूत तरुगुदल, म्हणजे नुसती घट. एक लाखाच्या यंत्रावर दरसाल दहा टक्के धरले, तर पहिल्या वर्षी दहा हजार रुपये नफ्यातून वजा होतात. पेटीतून मात्र एक पैसाही जात नाही. संगणक न झिजताही जुना होतो आणि त्याचे मूल्य उतरते. येथे आपला घसारा थोडा चकवतो, तेलुगू शब्द हिशेबनिसाच्या अर्थाजवळ राहतो. मराठी माणसाने हे मान्य करायला हरकत नसावी.

या गावाला असल्या कामाची सवय जुनी आहे. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले. त्यासाठी पाठ्यपुस्तके व परिभाषा सिद्ध करणारा अनुवाद विभाग आदल्याच वर्षी सुरू झाला होता. 1948 नंतर तेथे इंग्रजी आली. 1968 मध्ये तेलुगू अकादमी निघाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष पी. व्ही. नरसिंह राव, ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे तेच. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने मराठी शिक्षणासाठी उभ्या केलेल्या विवेकवर्धिनीच्या महाविद्यालयातही आज सर्वभाषी मुले वाणिज्य शिकतात. या मोठ्या उद्योगांत शब्द विद्वानांच्या समितीकडून वर्गात जात. आमच्याकडे तो वर्गात अडखळे आणि मग समितीपुढे येई. माणसे पाच-सहा, चहा स्वखर्चाने.

व्यवस्थापनाला हा तास वाया गेलेला वाटे. निकालपत्रकात त्याला रकाना नव्हता, आणि तो कसा पाडावा हे मलाही सांगता आले नाही. तरुण शिक्षकांपैकी दोघांनी मात्र आपापल्या वह्या केल्या. पुढे विभाग त्यांनीच चालवला.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी ‘गुडविल’ निघाला. मी नावलौकिक सुचवला, हिंदीच्या बाजूने ख्याती आली, उर्दूच्या बाजूने साख. साख उधारीच्या बाजूला झुकते, नावलौकिकाला किंमत लावून तो विकता येतो हे मुलांना पटेना. तासाची घंटा झाली. वहीत गुडविल तसाच, देवनागरीत, लिहिलेला आहे.