किटो, ॲटकिन्स, बँटिंग : एकाच नावाखालचे तीन आहार

‘किटो करतोय’ असं हल्ली कुणी सांगितलं, की माझा पहिला प्रश्न असतो, कुठलं? कारण या एका नावाखाली निदान तीन निरनिराळे आहार खपतात.

सगळ्यांत कडक तो मूळचा. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो मांडला, आणि तो अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या रुग्णांसाठी होता. उपाशी राहिलं की काहींच्या फिट्स कमी होतात, हे ठाऊक होतं. पण माणूस किती दिवस उपाशी ठेवणार? तेव्हा जेवू घालूनच शरीराला उपासाचा भास करून द्यायचा, अशी ही युक्ती. यात चार ग्रॅम स्निग्धामागे प्रथिने आणि कर्बोदके मिळून फक्त एक ग्रॅम. हिशोब करून बघा. स्निग्धाच्या ग्रॅममागे 9 कॅलरी, बाकी दोहोंच्या 4. म्हणजे 36 ला 4. शेकडा 90 कॅलरी तुपातेलातून. घास न् घास काट्यावर तोलायचा. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी लहान मुलांना तो आजही देतात, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचं पुस्तक 1972 चं. त्यांनी प्रथिनांवरचा लगाम काढला. अंडी, मासे, मटण पोटभर; कर्बोदके मात्र सुरुवातीला दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास, पुढे हळूहळू वाढवायची. आता 20 ग्रॅम म्हणजे किती? ज्वारीच्या 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 30 च्या वर जातात. अर्धी भाकरी खाल्ली की दिवसाचा वाटा जवळजवळ संपला, आणि वरण अजून वाढायचंय! शाकाहारी माणसाची खरी पंचाईत इथेच आहे. आपली प्रथिने डाळीतून येतात, आणि डाळ कर्बोदके बरोबर घेऊनच येते. मग उरतं पनीर, सोयाबीन, बेताने शेंगदाणे. आठवड्याभरात माणूस कंटाळतो.

तिसरा प्रकार सैल. भात, पोळी, साखर कमी करायची, पण बंद नाही. याची परंपरा लंडनच्या विल्यम बँटिंग यांच्या 1863 च्या पुस्तिकेपर्यंत नेतात. गंमत म्हणजे त्यांच्या वर्ज्य यादीत लोणीसुद्धा होतं! यात किटोन फारसे तयार होत नाहीत, पण निभावतो तो बहुधा हाच.

वजनाचं काय? पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो, त्यात पाणी बरंच असतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं. स्टॅनफर्डच्या 2018 च्या अभ्यासात 609 जणांपैकी काहींना कमी स्निग्धाचा, काहींना कमी कर्बोदकांचा आहार दिला. वर्षाअखेर सरासरी घट 5.3 आणि 6 किलो. सांख्यिकीच्या दृष्टीने फरक नाहीच.

मधुमेहींनी मात्र नीट ऐका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना कर्बोदके एकदम तोडली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका निराळा : रक्तात आम्ल साचतं आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र जवळजवळ ठीक दिसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ‘साखर तर बरी आहे’ म्हणून घरी थांबू नका. दवाखान्यात गोळीचं नाव सांगा आणि किटोन तपासायला सांगा. आणि आहार सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटं दाखवा.