शिआन ते चेंगडू : जुन्या गल्ल्या, नव्या चवी आणि मिठाचा हिशेब

आपल्या नाक्यावर संध्याकाळी ‘चायनीज’ची गाडी लागते. मोठ्या आचेवर खणखणणारी कढई, सोया सॉसची काळी बाटली आणि लालभडक मंचुरियन हे चित्र आपल्या इतके ओळखीचे झाले आहे, की चीनमध्येही घरोघरी हेच शिजत असावे, अशी आपली समजूत होऊन बसते. वस्तुतः हे खाणे कोलकात्याच्या चिनी वस्तीत आणि मुंबईत भारतीय जिभेसाठी घडले. मंचुरियनचा जन्म तर १९७५च्या सुमारास मुंबईतच झाला, असे सांगितले जाते. खुद्द चीनमध्ये ‘चिनी जेवण’ अशी एकच एक गोष्ट नाही. कोकण, देश आणि विदर्भ यांची ताटे जशी निराळी, तशीच तिथली प्रांतोप्रांतीची.

हे वेगळेपण अनुभवायचे तर विमानापेक्षा रस्ता बरा. शान्शी प्रांतातील शिआनहून निघून छिनलिंग पर्वत ओलांडावा, हानचोंग आणि लांगचोंग येथे मुक्काम करावा आणि सिचुआनच्या राजधानीत, चेंगडूला पोहोचावे. वाट सुमारे ८०० किलोमीटरची. पाच दिवस हाताशी असले तर सावकाश होते. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चीनमध्ये चालत नाही, म्हणून चालकासह गाडी ठरवणे सोयीचे.

मात्र अशा प्रवासाचा विषय निघाला, की अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. आईला किंवा सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू असते. ‘तिकडचे खाणे त्यांना मानवेल का?’ या धास्तीने एकतर त्यांना घरी ठेवले जाते, नाहीतर चिवडा, खाकरे आणि लोणच्याची बरणी सोबत घेऊन पाचही दिवस तेच खाल्ले जाते. गंमत अशी, की ज्या मिठाच्या भीतीने आपण तिथले अन्न टाळतो, तेच मीठ या डब्यांतून आपल्याबरोबर चाललेले असते. तेव्हा अन्न टाळण्यापेक्षा त्यात मीठ नेमके कुठे दडले आहे, हे ओळखणे अधिक शहाणपणाचे. या वाटेवर ते चांगले शिकता येते.

शिआन : रोटी कुस्करण्याची सवड

शिआन म्हणजे प्राचीन छांगआन. आपण शाळेत ज्याला ह्युएनत्संग म्हणून ओळखतो, तो भिक्षू भारतातून ६४५ साली याच नगरीत परतला. महाराष्ट्र देश आणि त्याचा राजा पुलकेशी यांचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात केले आहे. त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली उभारलेला पॅगोडा आजही तेथे पाहता येतो.

शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत, १३८० साली बांधलेल्या नगारखान्याच्या मागे हुई मुसलमानांची वस्ती आहे. तिथल्या गल्ल्यांतून तीळ भाजल्याचा आणि जिऱ्याचा वास दरवळत असतो. इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘पाओमो’. घट्ट भाजलेली रोटी आणि रिकामा वाडगा आपल्यापुढे ठेवला जातो. ती रोटी आपणच बोटांनी मटाराच्या दाण्याएवढी कुस्करायची. मग वाडगा स्वयंपाकघरात जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. कुस्करायला बराच वेळ लागतो. तोवर गप्पा होतात, भूक ताळ्यावर येते. शाकाहारी मंडळींसाठी ‘ल्यांगपी’ आहे : गव्हाच्या सत्त्वाच्या उकडलेल्या थंड पट्ट्या, वर काकडी, व्हिनेगर आणि मिरचीचे तेल.

इथेच पहिला धडा मिळतो. मीठ मुख्यतः रश्शात असते. रोटी आणि मटण खावे. वाडग्याच्या तळाचा रस्सा मात्र निःसंकोच सोडून द्यावा.

मिठाविषयी हे सांगणे केवळ सावधगिरीचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ सुचवते. चीनमधील सरासरी वापर याच्या दुपटीच्या आसपास आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास उत्तर चीनमधील ६०० खेड्यांत झाला. पाच प्रांतांपैकी शान्शी हा एक होता. पूर्वी पक्षाघात झालेल्या, किंवा साठी ओलांडलेल्या व उच्च रक्तदाब असलेल्या सुमारे २१,००० व्यक्ती त्यात होत्या. निम्म्या खेड्यांत नेहमीचे मीठ चालू राहिले. उरलेल्यांना तीन भाग नेहमीचे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराईड असे मिश्रण दिले गेले. सुमारे पाच वर्षांनी या दुसऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. घरच्या मिठात केलेला एवढासा बदल असे फळ देतो. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

छिनलिंगपलीकडे : गव्हाकडून भाताकडे

शिआन सोडले की लवकरच छिनलिंगची रांग समोर येते आणि बोगद्यांमागून बोगदे सुरू होतात. या पर्वताच्या उत्तरेचे पाणी पीत नदीकडे जाते, दक्षिणेचे यांगत्सेकडे. उत्तरेस मुख्यतः गहू, दक्षिणेस भात. घाट उतरून कोकणात गेल्यावर आपल्याकडे भाकरीची जागा भात घेतो, तसेच काहीसे.

हानचोंगला न्याहारीस मिळते ‘म्येनपी’. तांदळाचे पातळ पीठ वाफवून पट्ट्या कापतात आणि गरमच वाढतात. सोबतीला ‘त्साय तोफू’ असते. सोयाबीनचे दूध आंबवलेल्या भाजीच्या पाण्याने नासवून केलेला मऊ तोफू तांदळाच्या पेजेत येतो. या पेजेत मीठ नसते. खारटपणा बाजूच्या वाटीतील लोणच्यात असतो. आपल्या आजारपणातील पेजेची आठवण व्हावी असे हे साधे अन्न रक्तदाबाच्या रुग्णास मोठे सोयीचे. लोणच्याची मात्र नुसती चव घ्यावी.

लांगचोंग : आंबटाची साथ

सिचुआनमध्ये शिरल्यावर चालिंग नदीने तीन बाजूंनी वेढलेले लांगचोंग लागते. करड्या कौलांची घरे, लाकडी दारे, चौक असलेले वाडे आणि दगडी फरसबंदी यांनी जुने गाव अजून सजलेले आहे. गल्ल्यांतून चालताना नाकात शिरतो तो व्हिनेगरचा वास. गव्हाच्या कोंड्यापासून, वनौषधी घातलेले विरजण वापरून केलेले इथले ‘पाओनिंग’ व्हिनेगर सर्वत्र नावाजलेले आहे. इथले सुकवलेले गोमांसही प्रसिद्ध, पण ते खारवलेले असते हे विसरू नये.

दुसरा धडा या गावाचा. अन्नाला आंबटाची साथ मिळाली की जिभेला मिठाची उणीव फारशी भासत नाही. आपल्या आजीने कोकम आणि चिंच वापरताना हेच तर साधले होते.

चेंगडू : तिरफळाचा चुलतभाऊ

चेंगडूच्या ‘रुंद’ आणि ‘अरुंद’ नावाच्या जुन्या गल्ल्या छिंग राजवटीतील मांचू सैनिकांच्या वस्तीतल्या. डागडुजी होऊन २००८ साली त्या पुन्हा खुल्या झाल्या. झाकणाच्या पेल्यातून चहा घेत तिथे तासन्‌तास बसता येते. २०१० साली युनेस्कोने या शहराला पाककलेचे नगर म्हणून गौरवले.

इथला ‘मापो तोफू’ चाखताच ओठांना मुंग्या येतात. ही करामत ‘ह्वाच्याव’ या मसाल्याची. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ त्याच वनस्पतिकुळातले. वास घेताच नाते ओळखू येते. मिरची मात्र दोघांकडेही अमेरिका खंडातून आलेली पाहुणी. मापो तोफूमध्ये बहुधा गोमांसाचा खिमा असतो आणि खारटपणा येतो तो आंबवलेल्या वाल-मिरचीच्या लगद्यातून. शाकाहारी मंडळींनी म्हणूनच आधी विचारून घ्यावे. हा पदार्थ बिनमिठाच्या पांढऱ्या भाताबरोबर खाण्यासाठीच आहे. चमचाभर तोफू, दोन घास भात, असे प्रमाण ठेवावे. मधुमेह असल्यास भाताचे प्रमाण आवरून परतलेल्या पालेभाज्या वाढवून घ्याव्यात. ‘हॉटपॉट’मध्ये भाज्या, अळंबी व तोफू शिजवून घ्यावेत, पातेल्यातील रस्सा पिऊ नये.

प्रवासात एवढे सांभाळा

रक्तदाबाच्या गोळ्या हातपिशवीत ठेवाव्यात. ‘आज बरे वाटते’ म्हणून एकही चुकवू नये. दर दोन तासांनी गाडीतून उतरून पाच मिनिटे चालावे. महामार्गावरील थांब्यांवर उकळते पाणी विनामूल्य मिळते, त्याचा थर्मास भरून घ्यावा. कमी मीठ हवे असल्यास ‘शाओ येन’, बेताचे तिखट हवे असल्यास ‘वेइ ला’ म्हणावे. शाकाहार आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी यांविषयीचा मजकूर चिनी लिपीत फोनमध्ये जतन करावा. चिनी जेवणात ताटल्या मध्यभागी ठेवून सर्वांनी वाटून खाण्याची पद्धत आहे. चार पदार्थ पाच जणांत वाटले की प्रत्येकाला सगळे चाखता येते आणि कोणाच्याही पोटात फार जात नाही. मात्र डोके फार दुखणे, दम लागणे, पायांवर सूज येणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काही जाणवल्यास प्रवास थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरी परतल्यावर हा हिशेब आपल्या ताटाशी ताडून पाहावा. तिथल्या रश्शात जे मीठ दडले होते, ते इथे पापडात, लोणच्यात, फरसाणात आणि नाक्यावरच्या सोया सॉसमध्ये आहे. त्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दिवसभराच्या मर्यादेच्या जवळजवळ निम्मे सोडियम असते. ते ओळखता आले, तर आईला किंवा सासऱ्यांना प्रवासातूनही वगळायला नको आणि घरच्या पंक्तीतूनही. पुढच्या खेपेस लोणच्याची बरणी घरी ठेवा आणि त्यांना बरोबर घ्या.