तोल खोगिराचा, सुख दोघांचे

निरुपयोगी मजकूर किंवा माणसे कोंबून जागा भरण्याला मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणतात. पूर्वी खोगिरात चिंध्या, गवत, काथ्या, जे हाती लागेल ते भरले जाई. त्यावरून हा शब्द रूढ झाला. भाषेने त्या भरतीला तुच्छ ठरवले. परंतु घोड्याच्या बाजूने विचार केला, तर तिच्याइतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही. ती कोठे दाट आहे, कोठे विरळ आहे, कोठे तिची गाठ झाली आहे, यावर त्या मुक्या जनावराचा सारा दिवस अवलंबून असतो. खोगिरातील एक गाठ दिवसभर एकाच जागी रुतत राहते आणि तिची तक्रार सांगण्यासाठी घोड्याजवळ शब्द नसतात.

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे आजही तेथे घोड्यावरून फिरण्याची पद्धत टिकून आहे. दस्तुरी नाक्यावर उतरलेले कुटुंब घोडा ठरवताना भाडे विचारते, अंतर विचारते, घोडा शांत आहे ना, याचीही चौकशी करते. त्याच्या पाठीवरचे खोगीर नीट बसले आहे का, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक घोडा शांत राहील की बिथरेल, आणि स्वार सुखाने उतरेल की कंबर धरून, याचे बरेचसे उत्तर त्या एका प्रश्नात असते.

घोड्याची पाठ कशी असते?

पाठ म्हणजे सपाट फळी नव्हे. घोड्याला साधारणतः फासळ्यांच्या १८ जोड्या असतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना, या फासळ्यांच्या आधारावर असलेले लांब स्नायू हीच खोगीर ठेवण्याची योग्य जागा होय. पुढे खांद्याचे हाड आणि मागे शेवटची फासळी, या दोन मर्यादांच्या आतच स्वाराचे वजन पडले पाहिजे. शेवटच्या फासळीमागे कंबरेचा भाग सुरू होतो. त्याला खालून फासळ्यांचा आधार नसतो, म्हणून तेथे भार पडणे घोड्याला फार त्रासाचे होते.

प्रत्यक्ष कण्यावर तर कोणताही भार येता कामा नये. त्यासाठी खोगिराच्या तळाशी दोन गाद्या असतात आणि त्यांच्यामध्ये सुमारे तीन-चार बोटे रुंदीची मोकळी वाट ठेवलेली असते. मान जेथे पाठीला मिळते, तेथील हाडाचा उंचवटा आणि खोगिराची पुढची कमान यांच्यामध्येही, स्वार बसल्यानंतर, दोन-तीन बोटांची जागा उरली पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. माणसाला असते तसे गळपट्टीचे हाड घोड्याला नसते. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी जोडलेले असतात. पाय पुढे पडला की खांद्याच्या हाडाचा वरचा भाग मागे सरकतो. खोगीर तेथे पुढे सरकून बसले असेल, तर प्रत्येक पावलाला ते हाड खोगिराच्या कडेवर आदळते. घोडा मग पाऊल आखूड टाकू लागतो आणि मालक म्हणतो, “हा आळशी झाला.”

एक चुकले की दोघांनाही शिक्षा

खोगिराच्या आत लाकडाचा किंवा अन्य टणक पदार्थाचा एक सांगाडा असतो. तो घोड्याच्या पाठीपेक्षा अरुंद असेल, तर खोगिराचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि बैठक मागे कलते. स्वार मागे घसरतो, त्याचे पाय पुढे जातात आणि खुर्चीत बसल्यासारखी त्याची स्थिती होते. तोल सावरण्यासाठी तो लगाम ओढून धरतो. म्हणजे घोड्याच्या कंबरेवर भार आणि तोंडात ओढ, असा दुहेरी जाच सुरू होतो. सांगाडा फार रुंद असेल, तर उलट घडते. पुढची कमान खाली बसून हाडावर टेकते आणि स्वार पुढे कलंडतो. घोडा स्थिर उभा असतानाच त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. त्यात ही भर पडते.

तिसरा दोष सहज दिसत नाही. काही खोगिरे पुलासारखी केवळ पुढे आणि मागे टेकतात व मध्ये अधांतरी राहतात. वरून पाहता सारे ठीक वाटते. प्रत्यक्षात स्वाराचे सारे वजन चार ठिपक्यांवर पडत असते.

ज्यांनी बाजारपेठेत आयुष्य घालवले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. तीच गोणी हमालाच्या पाठीवर नीट बसली, तर तो ती ठरल्या जागी सहज पोचवतो. एका अंगाला कलली, तर दहा पावलांत त्याची कंबर धरते. गोणीचे वजन काट्यावर तेच असते. बदलते ती जागा.

तोल साधलेल्या खोगिरात बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यावर येतो. त्यावर बसलेल्या स्वाराकडे बाजूने पाहिले, तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसतात. जुन्या लोकांनी जिला ‘पक्की मांड’ म्हटले, ती केवळ मांड्यांच्या बळावर येत नाही. खोगिराचा तोल तिला आधार देतो. पाठदुखी आणि गुडघेदुखी घेऊन उतरणाऱ्या नवशिक्याला वाटते की आपल्याला बसता येत नाही. कित्येकदा दोष त्याचा नसतो.

कारागिरांनी जाणलेले सत्य

हे ज्ञान आजचे नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिणाऱ्या झेनोफॉन या ग्रीक सेनानीच्या काळी सांगाड्याचे खोगीर नव्हते. तरीही कण्याच्या दोन्ही अंगांना भरदार स्नायू असलेला घोडा बसायला अधिक सुखकर असतो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. सायबेरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील प्राचीन दफनभूमीत जी खोगिरे सापडली, त्यांत कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र भरीव गाद्या आहेत. अमेरिकी लष्कराने १८५९ साली स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात तर मध्यभागी कण्याच्या रेषेत आरपार फटच ठेवलेली होती.

आपल्याकडे कानपूर हे खोगीर आणि अश्वसाजाचे मोठे केंद्र आहे. ब्रिटिश लष्कराच्या गरजेतून एकोणिसाव्या शतकात तेथे हा उद्योग रुजला. आज तेथील माल परदेशी जातो आणि कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. इंग्लंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स’ ही संस्था खोगीर शिवणाऱ्यांप्रमाणेच ते घोड्याला बसवून देणाऱ्या जाणकारांनाही प्रशिक्षण देते. बसवून देणे हे निराळे शास्त्र आहे, कारण घोड्याची पाठ ऋतू, आहार, वय आणि काम यांनुसार बदलत जाते. गेल्या वर्षी चपखल बसलेले खोगीर यंदा बसेलच, असे नाही.

हिशेब वजनाचा

जागेबरोबर वजनालाही मर्यादा आहेच. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत भार असावा, असा संकेत रूढ आहे. अमेरिकेतील ओहायो येथे आठ घोड्यांवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन चालवण्यात आले. २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके अधिक वाढले, आणि ३० टक्क्यांना पाठीच्या स्नायूंत ठणका व ताठरपणा ठळकपणे आढळला. हा हिशेब लहान चणीच्या घोड्याला लावून पाहावा. घोडा ३०० किलोंचा असेल, तर मर्यादा ६० किलोंची; त्यातून खोगिराचे आठ-दहा किलो वजा केले, तर स्वारासाठी उरतात जेमतेम ५०. भरल्या अंगाच्या गृहस्थांनी या आकड्यापाशी क्षणभर थांबावे.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ गणले गेले आहे. त्याचा अर्थ सामान्यतः शक्तीबाहेर वजन लादणे असा घेतला जातो. परंतु चुकीच्या जागी पडलेले हलके वजनही सहनशक्तीबाहेरचे ठरते, हे घोड्याची पाठ दाखवून देते.

बसण्यापूर्वी काय पाहावे?

यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. खोगिराखालची जागा दिसत असेल, तर तेथे उघडी जखम, सूज किंवा केस गेलेला भाग आहे का, ते पाहावे. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर ते पूर्वीच्या दाबाची खूण असू शकतात; दाबाने त्वचेतील रंगपेशी नष्ट झाल्या की नवे केस पांढरे उगवतात. पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना घोडा कान मागे पाडतो, चावायला वळतो किंवा शेपूट झटकतो, तेव्हा तो खोडकरपणा समजू नये. तसा घोडा नाकारावा आणि नाकारण्याचे कारण सौम्य शब्दांत सांगावे. गिऱ्हाईक काय पाहते, हे कळले की विक्रेता माल सुधारतो. हा व्यापाराचा नियम येथेही लागू पडतो.

खोगीर सैल आहे की घट्ट, याची शहानिशा न करता खाली आणखी एक घोंगडी घालणे हा उपाय नव्हे. घट्ट बुटात जाड मोजे घातल्याने पाय सुखावत नाही. मुलांच्या दोन्ही रिकिबी समान लांबीच्या आहेत ना, हे अवश्य पाहावे; एक आखूड असली की मूल एका अंगाला झुकते आणि त्याबरोबर खोगीरही सरकते. चढताना जमिनीवरून रिकिबीला लोंबकळण्याऐवजी ओटा किंवा उंच दगड वापरावा. त्यामुळे पाठीला एका बाजूचा हिसका बसत नाही. मूल नियमितपणे घोडेस्वारी शिकत असेल, तर रपेटीनंतर खोगीर उतरवताना पालकांनी एकदा तरी समोर उभे राहावे. घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तेथे दाब जास्त पडतो किंवा खोगीर टेकतच नाही. दोन्ही बाबतींत शिक्षकाला विचारणे योग्य.

या तपासणीला पाच मिनिटे पुरतात. तेवढ्यात मुलालाही एक गोष्ट समजते. ज्याच्या पाठीवर आपण बसणार, त्याची पाठ आधी पाहायची असते.